किती माणसं, केवढा केक, काय भाव: घरगुती केकचा हिशोब क्रमाने

‘ताई, एक किलो केक केवढ्याला?’ फोनवर पहिला प्रश्न हाच येतो आणि आपल्यापैकी बहुतेक जणी तिथल्या तिथे आकडा सांगून मोकळ्या होतात. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. केक कमी पडतो, नाहीतर रात्री एकपर्यंत जागून हातात जेमतेम सामानाचे पैसे उरतात.

मीही हेच केलं आहे. गोव्यात फोंड्याजवळच्या एका हॉलमध्ये एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. यजमान म्हणाले, ‘तीसेक माणसं असतील, दोन किलो पुरे’, आणि मी मान डोलावली. बाळाच्या मामाने सुरी घेतली आणि मधोमध कापून तळहाताएवढ्या त्रिकोणी फोडी केल्या. सोळावी ताटली भरली तेव्हा बोर्डावर फक्त क्रीमचा थर राहिला होता. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोन आज्यांना बाळाच्या आईने आपल्या ताटलीतला तुकडा अर्धा-अर्धा करून दिला. केक चांगला झाला होता, पण अंदाज मी बांधला नव्हता. मी यजमानांचा अंदाज उचलला होता.

क्रम असा ठेवा: माणसं, मग तुकडा, मग टिन, मग सामान, मग तास आणि सगळ्यात शेवटी भाव. यातली एक पायरी जरी पुढे-मागे केली तरी हिशोब चुकतो.

१. आकडा सांगण्याआधी विचारायचे प्रश्न

फोनजवळ वही ठेवा आणि हे विचारून लिहून घ्या.

- मोठी माणसं किती, मुलं किती? ‘आमंत्रण किती जणांना’ असं विचारू नका, ‘ताटं किती सांगितली आहेत’ असं विचारा. केटररला सांगितलेला आकडा बहुधा खरा असतो.
- केक कधी कापणार? संध्याकाळी चहा-सामोशाबरोबर की पूर्ण जेवणाच्या आधी?
- जेवणात दुसरं गोड आहे का? मणगणं (चणाडाळ-गुळाची खीर) किंवा बेबिंका (नारळाच्या दुधाचा थरांचा गोड पदार्थ) असेल तर लोक केकचा छोटाच तुकडा घेतात.
- शेजाऱ्यांकडे ताटल्या पाठवायच्या आहेत का? आपल्याकडे हे हमखास होतं आणि यजमान हमखास सांगायला विसरतात. सहा घरं म्हणजे बारा-पंधरा तुकडे वाढले.
- अंड्याचा की बिनअंड्याचा? तारीख सोमवारी, श्रावणात किंवा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत येत असेल तर हा प्रश्न स्वतःहून विचारा.
- केक कोण नेणार, कुठे, आणि तिथे पोचल्यावर कापेपर्यंत किती वेळ?
- कोणाला सुक्या मेव्याची, दुधाची ॲलर्जी आहे का?

मुलांचा हिशोब मी असा धरते: सहा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक तुकडा. ती क्रीम चाटून बाकीचं तसंच ठेवतात. त्याहून मोठ्या मुलाला पूर्ण तुकडा धरा. बारा-चौदा वर्षांची मुलं दुसऱ्यांदाही येतात.

*तपासा:* वहीत आता एकच आकडा हवा. उदाहरणार्थ, मोठी माणसं १०, मोठी मुलं ३, धाकटी ४. म्हणजे १० + ३ + २ = १५ तुकडे. ‘पंधरा-वीस’ असं लिहिलेलं असेल तर परत फोन करा.

२. तुकड्याचं माप ठरवा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. माणसं केक किलोने खात नाहीत, तुकड्याने खातात. तुकडा केवढा हे न ठरवता ‘एक किलो म्हणजे दहा जण’ म्हणणं म्हणजे अंदाजाने मीठ घालण्यासारखं आहे. कधी जमतं, कधी नाही.

मी दोन मापं वापरते. दोन्हीत केकची उंची ४ इंच, म्हणजे क्रीमसकट दोन-तीन थरांचा नेहमीचा केक.

लहान तुकडा, १ × २ इंच: लग्न, साखरपुडा, पोटभर जेवणाचा कार्यक्रम.

पार्टीचा तुकडा, १.५ × २ इंच: घरचा वाढदिवस, चहाबरोबर, जिथे केक हाच मुख्य गोड पदार्थ आहे.

फूटपट्टी घेऊन कागदावर हे दोन चौकोन एकदा काढून बघा. १ × २ इंच डोळ्यांना फार छोटं वाटतं, पण चार इंच उंचीचा तो तुकडा ऐंशी-नव्वद ग्रॅम भरतो. जेवल्यानंतर तेवढा पुष्कळ होतो.

आता टिनातून किती तुकडे निघतील ते काढा. गोल टिनाचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्या × त्रिज्या × ३.१४. त्याला तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागा (लहान तुकड्याला २, पार्टीच्या तुकड्याला ३) आणि गोल केकमध्ये कडेचे तुकडे वाकडे येतात म्हणून साधारण दहा टक्के कमी करा. मी काढून ठेवलेले आकडे असे:

- ६ इंच गोल: लहान १२, पार्टीचे ८
- ७ इंच गोल: लहान १७, पार्टीचे ११
- ८ इंच गोल: लहान २२, पार्टीचे १५
- १० इंच गोल: लहान ३५, पार्टीचे २३
- १२ इंच गोल: लहान ५०, पार्टीचे ३४
- ८ इंच चौरस: लहान ३२, पार्टीचे २०
- १० इंच चौरस: लहान ५०, पार्टीचे ३०

चौरस केक त्याच मापाच्या गोल केकपेक्षा बराच जास्त जणांना पुरतो हे गिऱ्हाइकाला सांगा. माणसं जास्त आणि खिसा बेताचा असेल तेव्हा चौरस सुचवणं हेच खरं.

व्हिप्ड क्रीमचा ४ इंच उंच ६ इंची केक किलोच्या आसपास भरतो, ८ इंची दोन किलोच्या आसपास, १० इंची तीन किलोच्या. गिऱ्हाईक किलोतच बोलणार, तेव्हा वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवा, पण ठरवताना टिनाकडे बघा.

*सावध:* फॉन्डंटचा (साखरेच्या लगद्याची पोळी लाटून झाकलेला) केक वजनावर कधीच मोजू नका. ८ इंची केक झाकायला पाऊण किलोच्या आसपास फॉन्डंट लागतो. वजन वाढतं, तुकडे तेवढेच राहतात आणि निम्मी माणसं तो सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. ‘तीन किलो’ म्हणून दिलेला केक दोन किलोएवढ्याच माणसांना पुरतो.

बाथ आणि ख्रिसमसचा प्लम केक याला अपवाद. रवा-खोबऱ्याचा बाथ किंवा सुक्या मेव्याने भरलेला केक घट्ट, जड असतो आणि लोक पातळ काप घेतात. हे वजनावरच विका.

३. कापण्याची चिठ्ठी

मामाची सुरी आपल्या हातात नसते, म्हणून डब्यावर चिठ्ठी लावा. माझ्या चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘त्रिकोणी कापू नका. आधी दोन-दोन इंचांच्या सरळ पट्ट्या कापा, मग पट्टी आडवी ठेवून दीड-दीड इंचाचे तुकडे करा. सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.’ खाली एक साधं चित्र. गोल केकसुद्धा असाच कापायचा. या चिठ्ठीनंतर ‘केक कमी पडला’ असा फोन मला क्वचितच आला.

४. टिन बदललं की कृती किती पटीने?

इथे मोठी चूक होते. ८ इंचाची कृती १० इंचाला करायची म्हणून ‘दोनच इंच वाढले’ असं धरून सामान सव्वापट घेतात. मग थर बसके होतात. पट क्षेत्रफळाची काढायची: १० इंच टिनाचं ७८, ८ इंचाचं ५०, म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. ६ इंचावरून ८ इंचाला पावणेदोन पट, आणि ६ वरून १२ ला चक्क चौपट.

बदाम, आकडा, बाहुली असल्या विचित्र आकाराच्या टिनासाठी सूत्र नको. टिनात पाणी भरा, ते मोजपात्रात ओता, तेच पाणी आपल्या नेहमीच्या गोल टिनाशी ताडून बघा. मिश्रण मात्र टिनाच्या अर्ध्याच्या वर, दोन-तृतीयांशापर्यंतच भरा.

भाजताना मिश्रणाचं वजन साधारण दहा टक्के घटतं, वर फुगवटा कापण्यात आणखी थोडं जातं. १२०० ग्रॅम मिश्रणातून हातात ९५० ग्रॅमच्या आसपास सपाट स्पंज येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर पुढचं वाचण्याआधी तो घ्या. वाटी-चमच्याने केक होतो, पण भाव ठरवता येत नाही.

*तपासा:* टिन तुमच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) मावतं का आणि चारी बाजूंना हवा खेळायला जागा उरते का? ऑर्डर घेतल्यावर १२ इंची टिन दाराला अडतं हे कळणं फार महागात पडतं.

५. सामानाचा खर्च: पाकिटाचा नाही, वापराचा

एक किलो क्रीमचा डबा आणला म्हणून त्याची पूर्ण किंमत या केकवर टाकायची नाही, आणि ‘साखर तर घरचीच होती’ म्हणून ती सोडायचीही नाही. प्रत्येक वस्तूचा एक किलोचा भाव लिहा आणि वापरलेल्या ग्रॅमांनी गुणा.

८ इंची, दोन किलोचा चॉकलेट केक घेऊ, पार्टीच्या १५ तुकड्यांसाठी. भाव हिशोब दाखवण्यापुरते धरले आहेत, तुमच्या बाजारातले घाला.

- मैदा २८० ग्रॅम, ५० रुपये किलो: १४
- कोको ६० ग्रॅम, १००० रुपये किलो: ६०
- साखर, पाकासकट ४०० ग्रॅम, ५० रुपये किलो: २०
- तेल १४० ग्रॅम, १५० रुपये किलो: २१
- अंडी ४, प्रत्येकी ८: ३२
- दूध २०० मिली, ६० रुपये लिटर: १२
- व्हिपिंग क्रीम ७५० ग्रॅम, २४० रुपये किलो: १८०
- चॉकलेट कंपाऊंड २०० ग्रॅम, ४०० रुपये किलो: ८०
- बेकिंग पावडर, इसेन्स, मीठ: १०

बेरीज ४२९. भांड्याला चिकटलेलं, पायपिंग बॅगेत राहिलेलं, मे महिन्यात फाटलेलं क्रीम यासाठी दहा टक्के, म्हणजे ४३. झाले ४७२.

मैद्याच्या चौदा रुपयांवर घासाघीस करण्यात अर्थ नाही हे या यादीवरून दिसेल. खर्च क्रीम आणि चॉकलेटमध्ये आहे. हे दोन आकडे नीट मोजले तर बाकीच्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

*सावध:* ‘अंडी नाहीत म्हणजे स्वस्त’ हा गिऱ्हाइकाचा समज असतो आणि कधी आपलाही. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घातलं की खर्च उलट वाढतो. दोन्हीचा हिशोब वेगळा मांडा. आणि दोन्ही केक एकाच दिवशी करत असाल तर आधी बिनअंड्याचा करा, भांडी वेगळी ठेवा, डब्यावर ठळक लिहा. कोणाच्या उपवासाचा प्रश्न आहे.

६. न दिसणारा खर्च

बोर्ड ४०, डबा ६०, मेणबत्ती-सुरी-टॉपर ३०, लेबल आणि रिबन १०. एकूण १४०. मग वीज. दोन किलोवॅटचा ओटीजी तासभर पूर्ण चालला तर दोन युनिट जातात. त्यात बीटर आणि फ्रिज धरून मी २५ रुपये लावते. ओटीजी, टिन, टर्नटेबल, नोझल आज ना उद्या बदलावे लागतात, त्या झिजेचे ४०.

४७२ + १४० + २५ + ४० = ६७७.

७. तुमचे तास

इथे आपण सगळ्याजणी हात आखडता घेतो. ‘घरीच तर असते’ असं घरचे म्हणतात आणि आपणही मानतो.

एका केकला घड्याळ लावून बघा. बाजार अर्धा तास, मिश्रण आणि भाजण्याकडे लक्ष एक तास, थर लावणं आणि क्रीम दीड तास, सजावट एक तास, भांडी आणि ओटा अर्धा तास, फोन आणि मेसेज अर्धा तास. पाच तास झाले. केक ओव्हनमध्ये असताना तुम्ही भाजी चिरली तर तो वेळ धरू नका, पण क्रीमने माखलेल्या भांड्यांची घासणी नक्की धरा.

ताशी दर काय लावायचा? तुमच्या गावात स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बाईंना तासाला जे द्यावं लागतं, त्याच्या खाली जाऊ नका. उदाहरणात १२० धरू. ५ × १२० = ६००.

६७७ + ६०० = १२७७. हा तुमचा खरा खर्च.

८. नफा आणि अंतिम भाव

मजुरी म्हणजे नफा नव्हे. फसलेला केक, नवीन टिन, सणाला वाढलेले भाव यांची सोय नफ्यातून होते. विक्रीच्या किमतीत वीस टक्के नफा हवा असेल तर खर्चाला ०.८ ने भागा: १२७७ ÷ ०.८ = १५९६, म्हणजे १६०० रुपये. खर्चात नुसते वीस टक्के मिळवले तर १५३२ येतात. केकमागे ६४ रुपयांचा फरक, दहा केकमागे ६४०.

१६०० ला १५ तुकड्यांनी भागा: तुकड्यामागे १०७ रुपये. गिऱ्हाइकाशी बोलताना हा आकडा फार कामाचा आहे. ‘किलोला आठशे’ ऐकून भुवया उंचावतात, ‘माणशी एकशेसात’ ऐकून गिऱ्हाईक जेवणाच्या ताटाशी तुलना करतं आणि त्याला पटतं.

आता अर्ध्या किलोचं बघू. ‘किलोला ८००, म्हणजे अर्ध्याला ४००’ असं सगळ्याजणी सांगतात. पण सामान ११८, पॅकिंग १००, वीज-झीज ५०, आणि तास साडेतीन म्हणजे ४२०. बेरीज ६८८. चारशेला विकलात तर २८८ रुपये तुम्ही आपल्या पदरचे घातले. केक निम्मा झाला म्हणून भांडी, बाजार आणि फोन निम्मे होत नाहीत. अर्धा किलो ८६० ला खपवणंही कठीण. म्हणून मी अर्ध्या किलोच्या ऑर्डरी एकट्यादुकट्या घेत नाही. त्याच दिवशी त्याच चवीचा मोठा केक असेल तरच घेते, म्हणजे स्पंज एकदाच भाजला जातो आणि तास वाटले जातात. सगळ्यात छोट्या केकचा एक ठरलेला किमान भाव ठेवा, किलोच्या हिशोबाबाहेर.

*सावध:* शेजारच्या वाड्यावरच्या ताईंचा भाव बघून आपला ठरवू नका. त्यांचं क्रीम कुठलं, बोर्ड केवढा, मजुरी धरतात की नाही, तुम्हाला ठाऊक नाही.

९. शंभर माणसांची ऑर्डर

लग्नाला तीन मजली केक मागतात तेव्हा सगळे मजले खरे असायला हवेत असं नाही. वरचा मजला थर्माकोलचा करता येतो. पण सजावटीचे तास तेवढेच लागतात, ते पूर्ण लावा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: समोर ८ इंची देखणा केक, आणि आत स्वयंपाकघरात त्याच चवीचे दोन इंच उंचीचे १० इंची चौरस स्लॅब, प्रत्येकी २ × २ चे २५ तुकडे. समोरच्या केकचे लहान २२ आणि चार स्लॅबचे १००. स्लॅबला सजावट नाही, त्यामुळे तुकड्यामागचा भाव उतरतो आणि ताटल्या वाढणाऱ्या मुलांचीही सोय होते.

१०. पोचवणं

पोचवण्याचे पैसे केकमध्ये मिसळू नका, वेगळी ओळ करा. फोंड्याहून पणजीला जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. पेट्रोल आणि दीड-दोन तास, दोन्ही लावा. चोडण-दिवाडीला फेरीबोटीची रांग धरून वेळ सांगा.

- केक निघण्याआधी किमान चार तास फ्रिजमध्ये पक्का होऊ द्या.
- डबा सीटवर ठेवू नका, ती मागे उतरती असते. पायाकडच्या सपाट जागेवर ठेवा, खाली घसरू नये म्हणून ओलसर कापड घाला.
- मे महिन्यात गाडीचा एसी आधी दहा मिनिटं लावून मगच केक बाहेर काढा. पावसात डब्याला वरून प्लास्टिक हवंच.
- गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये बांगडे आणि हुमणाचं (माशाच्या कालवणाचं) वाटण असेल तर क्रीम तो वास ओढून घेतं. डबा उघडा ठेवू नका असं स्पष्ट सांगा, संकोच नको.

११. मेसेज, आगाऊ रक्कम, नोंदणी

ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा: तारीख-वेळ, टिनाचं माप आणि तुकडे, चव, अंड्याचा की नाही, केकचे पैसे, पोचवण्याचे पैसे, आगाऊ किती. मी निम्मे आगाऊ घेते आणि ते आल्यावरच तारीख वहीत चढवते. फोटो पाठवून ‘असाच हवा’ म्हणणाऱ्यांना फोटोतला केक केवढा आहे ते आधी सांगा. पुष्कळदा तो तीन मजली असतो आणि मागणी एक किलोची.

‘बेकरीत निम्म्यात मिळतो’ असं कोणी म्हटलं तर भाव उतरवू नका, केक उतरवा: ‘वहिनी, फुलं कमी करू, ८ च्या जागी ७ इंची करू, अकरा तुकडे निघतील. चालेल?’ कमी पैशात तोच केक दिला की पुढच्या खेपेला तोच भाव धरला जातो.

घरून विकत असलात तरी अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. नंबर लेबलवर छापा. अंडं घातलेला केक नियमाप्रमाणे मांसाहारी गणला जातो, त्यामुळे हिरवी खूण त्यावर चुकूनही नको.

१२. दुसऱ्या दिवशीचा फोन

कार्यक्रमानंतर एक फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: किती माणसं आली आणि किती तुकडे उरले? उत्तर त्या ऑर्डरच्या पानावरच लिहा, शेजारी खरे लागलेले तास आणि खरा खर्च. माझ्या वहीत जेवणाआधी कापलेल्या केकांपुढे जवळजवळ प्रत्येक वेळी तीन-चार तुकडे उरल्याची नोंद आहे, चहाच्या कार्यक्रमांपुढे एकही नाही. म्हणून जेवणाच्या कार्यक्रमाला मी आता लहान तुकडाच धरते, आणि चहाच्या कार्यक्रमाला पार्टीचा तुकडा धरून वर दोन तुकडे जास्त.